तीन मुलांची शाळा : त्रिनिदाद बेटातील एक हकीकत

१९५० सालच्या जून महिन्यात वेस्ट इंडीजच्या संघाने लॉर्ड्स मैदानावर इंग्लंडचा पराभव केला. इंग्लंडच्या भूमीवर मिळविलेला त्यांचा तो पहिलाच कसोटी विजय होय. त्या सामन्यात अकरा बळी घेणाऱ्या गोलंदाजाचे नाव होते सनी रामाधीन. रामाधीन म्हणजे रामाच्या अधीन असलेला. वेस्ट इंडीजकडून खेळलेला भारतीय वंशाचा हा पहिला खेळाडू त्रिनिदाद बेटाच्या ऊसपट्ट्यात वाढला, आणि चेंडू-फळीशी त्याची पहिली ओळख झाली ती खेड्यातील कॅनेडियन मिशन शाळेत. मजूर बिहार-अयोध्येकडचे, बेट वेस्ट इंडीजचे, राज्य इंग्रजांचे, आणि शाळा मात्र कॅनडाची! हे त्रांगडे कसे जमले याची हकीकत मोठी उद्बोधक आहे. शाळा, वसतिगृह, शिष्यवृत्ती हे शब्द ज्या समाजाच्या कानांवर रोज पडतात, त्या आपल्या ज्ञातिबांधवांस ती रुचेल अशा भरवशाने येथे मांडीत आहे.

ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी कायद्याने १८३४ साली संपली व १८३८ पासून गुलाम खऱ्या अर्थाने मुक्त झाले. मुक्त झालेली माणसे जुन्या धन्याच्या मळ्यावर जुन्याच रीतीने राबावयास राजी होईनात. उसाला तर माणसे हवीत. मळेवाल्यांची दृष्टी मग हिंदुस्थानाकडे वळली. ३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' नावाचे गलबत कलकत्त्याहून निघून सव्वादोनशेच्या आसपास मजुरांसह त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेन बंदरास लागले. तेव्हापासून १९१७ पर्यंत जवळजवळ १,४४,००० हिंदी माणसे त्या बेटावर उतरली. आपल्या मुलखातील माणसे मुंबई बंदरातून मॉरिशसला गेली आणि त्यांचे वंशज तेथे आजही मराठी म्हणवून घेतात. त्रिनिदादला गेलेली मात्र बहुतेक भोजपुरी व अवधी बोलणारी, गंगेच्या खोऱ्यातील होती. पाच वर्षांच्या कराराला ती 'गिरमिट' म्हणत. करार संपला तरी परतीचे भाडे फुकट मिळण्यासाठी बेटावर एकूण दहा वर्षे काढावी लागत. तेवढ्या काळात पुष्कळांना मुलेबाळे होत आणि गाव दूर दूर जाई.

राहावयास लांबच लांब बराकी. एकेका खोलीत एकेक कुटुंब, मध्ये फळ्यांची अर्धवट भिंत. मोठ्या माणसास दिवसाच्या ठरीव कामाचे सुमारे पंचवीस सेंट मिळत. मूल हाताशी आले की तेही तण काढणाऱ्या टोळीत जाई आणि त्याची तुटपुंजी मजुरी घरात येई. सरकारी शाळा नव्हत्या असे नाही. लॉर्ड हॅरिस नावाच्या गव्हर्नराने १८५० च्या सुमारास धर्मशिक्षण वगळून चालणाऱ्या शाळा काढल्या होत्या. परंतु त्या हिंदी मुलांसाठी नव्हत्याच म्हणावे लागेल. शिक्षकाला मुलाची भाषा येत नसे, मुलाला शिक्षकाची येत नसे. शिवाय दुसऱ्या वंशाच्या मुलांत आपले मूल बसवावयास आईबाप तयार नसत. १८६९ साली पॅट्रिक कीनन या आयरिश अधिकाऱ्याने बेटाच्या शिक्षणाची पाहणी करून अहवाल लिहिला, त्यात हिंदी मजुरांच्या मुलांची ही उपेक्षा स्पष्ट नोंदलेली आहे. तोपर्यंत पहिले गलबत येऊन चोवीस वर्षे झाली होती. म्हणजे एक सबंध पिढी निरक्षर वाढून गेली होती.

आता कॅनडाचा संबंध. नोव्हा स्कोशिया हा कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील मच्छीमार, शेतकरी व लाकूडतोड्यांचा प्रांत. तेथील ब्रिजवॉटर या गावी जॉन मॉर्टन नावाचे तरुण प्रेस्बिटेरियन पाद्री होते. जन्म १८३९ चा. प्रकृती बिघडली म्हणून हवापालटासाठी ते १८६४-६५ च्या हिवाळ्यात त्रिनिदादला गेले. हवा खाण्यास गेलेल्या माणसाने ऊसमळे हिंडून पाहिले आणि ही हजारो माणसे कोणाच्याच खिजगणतीत नाहीत, हे त्यांच्या मनाने घेतले. परत येऊन त्यांनी आपल्या चर्चच्या मंडळींपुढे हा विषय लावून धरला. चर्च काही श्रीमंत नव्हते. तरीही मंजुरी मिळाली, आणि ३ जानेवारी १८६८ रोजी मॉर्टन आपली पत्नी सारा व तान्ह्या मुलीसह त्रिनिदादच्या किनाऱ्यावर उतरले. हेतू धर्मप्रसाराचा होता. तो त्यांनी कधी लपविला नाही, आणि आपणही लपवू नये.

बेटाच्या दक्षिण भागात आयेर नावाचे खेडे आहे. तेथे त्यांनी बिऱ्हाड केले. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात घराच्या पायरीवर तीन हिंदी मुलांना बसवून अक्षरे गिरविण्यास सुरुवात झाली. एवढीच ती शाळा. ना इमारत, ना बाक, ना हजेरीपट. ज्यांनी एकशिक्षकी शाळा चालविली आहे त्यांना या तीनच्या आकड्याचा अर्थ वेगळा सांगावयास नको. तीनाचे दोन झाले तर शाळा बुडते आणि तीनाचे पाच झाले तर गावात चर्चा होते.

मॉर्टन यांनी एक गोष्ट मात्र आरंभापासून ओळखली होती. इंग्रजी शिकवावयाची तर आधी शिकविणाऱ्याने मुलाच्या घरची भाषा शिकली पाहिजे. ते स्वतः हिंदी शिकले, नागरी लिपी शिकले, आणि त्यांच्या शाळांतून इंग्रजीबरोबर हिंदीही शिकविली जाऊ लागली. बेट १७९७ पासून इंग्रजांकडे असले तरी रस्त्यावरची बोली फ्रेंच वळणाची पात्वा होती, काही गावांत स्पॅनिश होती. इंग्रजी ही कचेरीची व साहेबाची भाषा. मुलाच्या घरात भोजपुरी, मळ्यावर पात्वा आणि पाटीवर इंग्रजी, असा तिहेरी संसार त्या सहा-सात वर्षांच्या जिवाला करावा लागे. आईबापांना मात्र पाटीवरची भाषाच हवी होती, आणि तिचे कारण अगदी व्यावहारिक होते. करारनामा इंग्रजीत, मजुरीची नोंद इंग्रजीत, मॅजिस्ट्रेटसमोरचे समन्स इंग्रजीत. कामावर गैरहजर राहिल्यास गिरमिटिया मजुराला तुरुंगवास होई. कागदावर काय लिहिले आहे हे आपल्या घरात एकाला तरी वाचता यावे, ही इच्छा काही धर्मांतराची नव्हे.

१८६९ पासून परतीच्या भाड्याच्या बदल्यात सरकारी जमीन देण्याची पद्धत सुरू झाली आणि गिरमिटमुक्त कुटुंबे मळ्यांच्या बाहेर स्वतःची खेडी वसवू लागली. भाताची खाचरे, थोडा ऊस, एखादी गाय, अंगणात झेंडे रोवलेले देवस्थान. जमीन आली म्हणजे सातबारा आला, असे आपण म्हणू. तिकडेही तेच झाले. दस्तऐवज वाचणारा घरात हवा, म्हणून शाळेची गरज आणखी वाढली.

१८७० साली गव्हर्नर गॉर्डन यांच्या काळात नवा शिक्षण कायदा झाला व धर्मसंस्थांच्या शाळांना सरकारी अनुदानाचा मार्ग मोकळा झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस केनेथ ग्रँट हे दुसरे मिशनरी येऊन सॅन फर्नांडो गावी राहिले. शाळांच्या पैशाची व्यवस्था कशी होती हे समजून घेण्याजोगे आहे. काही भार सरकार उचली, काही कॅनडातील चर्च व तेथील स्त्रियांची मिशन मंडळे उचलीत, आणि राहिलेला भार चक्क मळेवाले देत. साखरेचा व्यापारी शाळेला पैसा का देतो? मळ्यावर शाळा असली की मजूर करार संपल्यावरही जवळपास टिकून राहतो, एवढा सरळ हिशेब त्यामागे होता. तोच मळेवाला हंगामात मात्र मुलांना तोडणीवर बोलावी. एका हाताने शाळा बांधायची आणि दुसऱ्या हाताने ती रिकामी करायची!

त्रिनिदादचा उसाचा हंगाम जानेवारीत सुरू होऊन मेअखेर चाले. त्या दिवसांत हजेरी घसरे. प्रस्तुत लेखकाची काही वर्षे आपल्याकडील उसाच्या पट्ट्यात मास्तरकी करण्यात गेली; दिवाळीनंतर तोडणी कामगारांच्या गाड्या निघाल्या की वर्गातील कोणत्या रांगा रिकाम्या पडतात हे न पाहता सांगता येई. त्यामुळे मॉर्टन-ग्रँट यांच्या शिक्षकांची धडपड वाचताना पुस्तकातील मजकूर वाचीत आहोत असे वाटत नाही. ते शिक्षक सकाळी शाळेची घंटा देण्यापूर्वी बराकी-बराकीतून हिंडून मुले गोळा करीत. आईबापांशी हुज्जत घालीत. १८७६ साली नोव्हा स्कोशियाहून अ‍ॅनी ब्लॅकअॅडर नावाच्या शिक्षिका आल्या आणि पुढे कित्येक वर्षे त्यांनी हेच काम केले. मोठमोठ्या मिशनरींची चरित्रे लिहिली जातात. परंतु बराकीच्या दारात उभे राहून "आज पोरगं पाठवा" म्हणणाऱ्या हिंदी मदतनीस शिक्षकांची नावे फार थोडी उरली आहेत. त्यांपैकी लाल बिहारी हे १८८२ साली दीक्षित पाद्री झाले, म्हणून त्यांचे नाव तेवढे राहिले.

आईबापांच्या मनात भीती होती आणि ती निराधार नव्हती. आठवडाभर जी खोली शाळा असे, तीच रविवारी प्रार्थनामंदिर होई. मुलाला बाराखडीबरोबर बायबलातील गोष्टी ऐकाव्या लागत. बाप्तिस्मा घेतलेला मुलगा मास्तर होऊ शके, न घेतलेल्यास ती वाट बहुधा बंद असे. नायपॉल यांच्या १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या 'अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास' या कादंबरीत अशीच एक कॅनेडियन मिशन शाळा आहे आणि तिच्यातील मास्तर लाल हा खालच्या मानल्या गेलेल्या जातीतून ख्रिस्ती झालेला आहे. कादंबरी ती कादंबरीच. परंतु तो मास्तर नायपॉल यांनी हवेतून आणलेला नाही. जातीने ज्याला गावात मान नव्हता, त्याच्या हाती मिशनने छडी आणि खडू दिला. बाप्तिस्म्याकडे वळणाऱ्या माणसाला दोष देण्याआधी हे ध्यानात घ्यावे.

जातीचे म्हणावे तर गलबतावरच तिचे बरेचसे बंध सैल झाले होते. तीन महिने एका तळघरात, एका भांड्यातले शिजलेले खाऊन आलेली माणसे एकमेकांस 'जहाजी भाई' म्हणत व ते नाते सख्ख्यासारखे पाळीत. ब्राह्मणाचा मुलगा व चांभाराचा मुलगा एका बाकावर बसला तर शाळेत मोठा गहजब झाला नाही. आपल्याकडे त्याच सुमारास याच प्रश्नावर शाळाच्या शाळा ओस पडत होत्या.

मुलींचा प्रश्न अधिक अवघड होता. लग्ने लहानपणी होत, आणि शिकलेली मुलगी सासरी उपयोगाची नाही ही समजूत समुद्र ओलांडूनही तशीच आली होती. मॉर्टन कुटुंब १८८१ मध्ये उत्तरेकडे टुनापुना येथे राहावयास गेले. तेथे सारा मॉर्टन यांनी १८९० साली मुलींचे निवासगृह काढले. वाचन, शिवण, स्वयंपाक असा त्याचा क्रम होता आणि शिकलेल्या ख्रिस्ती तरुणांस सुशिक्षित पत्नी मिळावी हा हेतूही त्यात उघड होता. आजच्या दृष्टीने हा हेतू तोकडा वाटेल. परंतु त्या घरातून बाहेर पडलेल्या मुलीची मुलगी शाळेत जाणारच, हे गणित चुकले नाही. १९१२ साली सॅन फर्नांडोत नापरिमा गर्ल्स हायस्कूल उघडले, तेव्हा तिथे बसणाऱ्या मुली आकाशातून पडल्या नव्हत्या.

१८९४ हे वर्ष विशेष महत्त्वाचे. त्या वर्षी सॅन फर्नांडोत शिक्षक तयार करणारे विद्यालय निघाले आणि मुलांच्या माध्यमिक शिक्षणाचाही आरंभ झाला. तेच पुढचे नापरिमा कॉलेज. खेड्यातील शाळेतून निघालेला मुलगा येथवर आला की त्याला कारकुनी, वकिली, वैद्यकी यांची दारे दिसू लागत. लेखक सॅम्युएल सेल्व्हन या शाळेचे विद्यार्थी. १९८७ ते १९९७ पर्यंत त्रिनिदाद व टोबॅगोचे राष्ट्राध्यक्ष असलेले नूर हसनअली हेही येथेच शिकले व काही वर्षे येथेच शिक्षक होते. राष्ट्राध्यक्ष मुसलमान, शाळा प्रेस्बिटेरियन! मॉर्टन १९१२ साली वारले, तेव्हा मिशनच्या शाळा साठांवर गेल्या होत्या. आज त्या चर्चच्या बहात्तर प्राथमिक व पाच माध्यमिक शाळा आहेत.

आणि ख्रिस्ती किती झाले? २०११ च्या शिरगणतीत बेटावरील प्रेस्बिटेरियनांचे प्रमाण अडीच टक्के निघाले, हिंदूंचे अठरा टक्के. दीडशे वर्षे शाळा चालविणाऱ्या मिशनने हा आकडा पाहून काय म्हटले असेल कोण जाणे. लोकांनी अक्षरे घेतली आणि घरी जाऊन रामायणाचे पारायण ऐकले.

परंतु या चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे इतिहासाला धरून होणार नाही. अनुदान ख्रिस्ती मंडळांच्याच शाळांना मिळे, त्यामुळे शाळा म्हणजे चर्च हे समीकरण ऐंशी वर्षे टिकले. हिंदू पद्धतीने लागलेल्या लग्नाला त्या राज्यात १९४५ पर्यंत कायद्याची मान्यता नव्हती. नोंदणी केली नसेल तर अशा विवाहाची संतती सरकारदप्तरी अनौरस ठरे. म्हणजे शाळेत पहिला नंबर काढणाऱ्या मुलाच्या आईबापांचे लग्नच राज्याच्या लेखी झालेले नसे. १९४६ च्या शिरगणतीत हिंदी लोकांपैकी निम्म्याच्या आसपास अद्याप निरक्षर आढळले. मिशनच्या कामाचा गौरव करताना हा आकडाही शेजारी लिहून ठेवावा लागतो.

येथे आपल्या इतिहासाची आठवण होणे स्वाभाविक आहे. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकले. ते शिक्षण १८४७ साली आटोपले आणि १८४८ साली त्यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा स्वतः उघडली. ख्रिस्ती न होता मिशनकडून विद्या घ्यावयाची आणि लगेच आपली शाळा काढावयाची, हे पुण्यात एका वर्षात घडले. त्रिनिदादमध्ये त्याला एक शतकाच्या जवळपास काळ लागला. याचे कारण तेथील माणसे मागासलेली होती असे नव्हे. पुण्यात फुल्यांच्या मागे स्वतःचे गाव होते, ओळखीची माणसे होती. मळ्यावरच्या मजुराच्या मागे काय होते? बराकीची एक खोली.

अखेर ते घडले. १९४९ साली मुसलमान बांधवांच्या एल सोकोरो येथील शाळेला सरकारी अनुदान मिळाले. ख्रिस्तेतरांची अशी ती पहिली शाळा. १९५२ साली भडासे सागन महाराज यांच्या पुढाकाराने सनातन धर्म महासभा एकवटली आणि पुढील चार-पाच वर्षांत हिंदूंच्या तीसच्या आसपास शाळा उभ्या राहिल्या. पैसा थोडा, घाई फार. पुष्कळ ठिकाणी ग्रामस्थांनी स्वतः अंगमेहनत करून साध्या छपराच्या शाळा उभारल्या. शहरातील प्रतिष्ठितांनी त्यांना 'गोठे' म्हणून हिणविले. घराच्या पायरीवर सुरू झालेल्या शाळेला कोणी हसले असेल तर त्याची नोंद उरलेली नाही. या गोठ्यांना हसल्याची नोंद मात्र उरली. त्या गोठ्यांत शिकविणारे बरेच मास्तर मिशनच्याच शाळांतून तयार झालेले होते, ही गोष्ट दोन्ही पक्ष सांगावयास सहसा विसरतात.

१९६० च्या नाताळात सरकार व धर्मसंस्था यांच्यात एक करार झाला आणि आपापल्या शाळांवरील मंडळांचे अधिकार कायम राहिले. दोन वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९६२ रोजी, देश स्वतंत्र झाला. २०१० साली प्रथमच एक स्त्री तेथे पंतप्रधान झाली. त्या कमला प्रसाद-बिसेसर हिंदू घरातील असून त्यांचे शालेय शिक्षण सिपारिया भागातील प्रेस्बिटेरियन शाळांत व आयेर हायस्कूलमध्ये झाले.

एक हिशेब राहिला. मॉर्टन यांनी इंग्रजी शाळेत हिंदीला जागा दिली होती. नागरी अक्षरे त्या बेटावर काही काळ टिकली त्यात मिशनच्या शाळांचा वाटा होता. पण इंग्रजीने नोकरी मिळे, हिंदीने मिळत नसे. आजा-आजी भोजपुरीत बोलत, आईबाप समजत पण इंग्रजीत उत्तर देत, आणि नातवंडांना समजेनासे झाले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत घरातली भाषा बदलून गेली होती. आता भोजपुरी बोलणारी काही थोडी वृद्ध माणसेच तेथे उरली आहेत. मिशनच्या काळात रचलेली हिंदी भजने मात्र तेथील प्रेस्बिटेरियन देवळांतून अद्याप ढोलकीच्या साथीवर म्हटली जातात. पुस्तकात ती इंग्रजी अक्षरांत छापलेली असतात आणि म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळांना त्यांचा अर्थ खाली दिलेल्या भाषांतरावरून कळतो.